मिटलेली मूठ

"बाबूजी, हात पुढं करा."

असं म्हणून मॅडम पदराची सेफ्टी पिन काढायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि पुस्तकात मारलेल्या स्टेपलच्या पिना एकेक करून उचकटून माझ्या तळहातावर ठेवायच्या. एका पुस्तकात तीन पिना. पहिल्या दिवशी त्यांनी एकवीस पुस्तकं सोडवली. पिनांनी माझा हात भरला.

त्या पिना मीच मारलेल्या होत्या. मी शाळेचा बाबू. वर्ध्याहून आंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातली आमची शाळा. तिथली पुस्तकपेढी माझ्याकडे, म्हणजे पास झालेल्या पोरांची जुनी पुस्तकं गोळा करायची आणि पुढच्या वर्गाला वाटायची. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माणसाला मूल कसं होतं त्याचा धडा आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडायच्या आधी त्या धड्याची पानं कडेने पिना मारून बंद करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आधीचे विज्ञानाचे सर वर्गात सांगायचे, "हा धडा घरी वाचून घ्या." घरी कोण वाचतं! पालक खूश, सर खूश. आणि मी पिना अगदी सरळ रेषेत मारत असे. कोणतंही काम केलं की ते नीट करतो, ही माझी सवय आहे.

त्या सरांच्या जागी आलेल्या या मॅडम पवनारच्या. दोन बस बदलून यायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. आवाज असा की नववीत शिकवत असल्या तरी सातवीची पोरं गप्प व्हायची. तुम्हीही अशा एखाद्या बाई पाहिल्या असतील, ज्या वर्गात आल्या की वर्गातल्या सगळ्यात आगाऊ पोराला आपली चप्पल कुठे आहे ते आठवायला लागतं.

पिना पाहून त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अंग आहे ते, शिवी नाई. कुलूप काऊन लावता?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंग आहे ते, शिवी नाई. पोट्टे मागून त्यांची नक्कल करायचे. खेळताना गुडघा फुटला की एक जण ओरडायचा "अबे, अंग आहे ते!" आणि बाकीचे "शिवी नाई!"

डबा आम्ही ऑफिसात सोबत खायचो. माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा एक घास घेऊन त्या निदान करायच्या, "आज भाजी करपली. घरी भांडण झालं वाटते." बहुतेक वेळा ते खरं असे. मी बी.ए. आहे, आमच्या घराण्यातला पहिला. नावापुढे बी.ए. लिहितो आणि लिहिणारच. बापाने दुसऱ्याच्या वावरात निंदण करून मला शिकवलं. पण माझ्या बी.ए.ची कोणी बरोबरीने विचारपूस केली असेल तर ती मॅडमनी. "कोणता विषय होता बाबूजी? कोणतं पुस्तक आवडलं होतं?" दुसऱ्या कोणी हे मला आजवर विचारलेलं नाही.

एकदा नववीतल्या एका मुलीच्या स्कर्टला डाग लागला. मागच्या बाकावरचे पोट्टे फिसकन हसले. मॅडमनी सगळ्या पोरांना उभं केलं. "मैदानात कडुनिंब किती आहेत? मोजून या." पोट्टे धावत गेले, धावत आले. "मॅडम, अकरा." "चुकलं. परत मोजा." तीन वेळा मोजायला लावलं. तेवढ्यात त्या मुलीला स्वतःची शाल गुंडाळून त्यांनी घरी पाठवलं. मग पोरांना बसवलं आणि कशाला हसलात, ते काय असतं, तुमच्या मायलाही असतं, हे पाच मिनिटांत सांगितलं. ही गोष्ट गावात गेली तेव्हा कोणी तक्रार केली नाही. उलट बायका म्हणाल्या, बाई चांगली आहे.

मग त्यांनी डबा आणला. चहापत्तीचा पत्र्याचा जुना डबा. आमच्या शिपायाने छिन्नीने झाकणाला फट पाडून दिली. पोरांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही, डब्यात टाकायचा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी नववीच्या वर्गात डबा उघडायचा. मॅडम प्रश्न वाचायच्या, उत्तर द्यायच्या आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडायच्या.

चिठ्ठ्या कशावरही यायच्या. वहीचं पान, लग्नाच्या पत्रिकेची मागची बाजू, बिस्किटाचा कागद. मी बाहेरून ऐकत असे. "दाढी लवकर यासाठी काय लावावं?" मॅडम म्हणाल्या, "दाढीले खत नाई लागत बापू, वेळ लागते." वर्ग हसला, पण त्या नाही हसल्या. कोणत्याच प्रश्नाला त्या हसत नसत.

त्या वर्गात माझं लेकरूही होतं. मुलींच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. अबोल. शाळेतून आलं की माझ्या टेबलाशी बसून राहायचं. तिथे माझे फुलस्केप कागद असायचे. साधे नाहीत, जाड, निळसर, डाव्या बाजूला दोन लाल रेघांचा समास असलेले. मी ते वर्ध्याहून आणतो. गावातल्या सगळ्यांचे अर्ज मी लिहितो. तहसील असो की बँक, माझ्या कागदावरचा अर्ज साहेब आधी वाचतो, असं लोक म्हणतात. मलाही तसं वाटतं.

तर एका शनिवारी मॅडमनी एक चिठ्ठी वाचली. मी वर्गाच्या दाराशी हजेरीचा पट घेऊन उभा होतो. चिठ्ठीत असं होतं: सगळे मले मुलगी म्हणते, पण मले आतून मुलगी असल्यासारखं वाटत नाई. मी मुलगाच आहो असं वाटते. हा रोग आहे का? औषध आहे का?

एरवी फिसफिस करणारे पोट्टेही मॅडमकडे पाहू लागले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "रोग नाई," त्या म्हणाल्या. "असे लोक आधीपासून आहेत, सगळीकडे आहेत. औषध नाई लागत, सोबतीले माणूस लागते. ज्यानं लिहिलं त्यानं भिऊ नये. याचं उत्तर माझं आज पूर्ण झालं नाई. मी वाचून येतो, पुढच्या शनिवारी अजून सांगतो." आमच्याकडच्या बायकाही कधी कधी असं 'येतो, सांगतो' बोलतात. ती चिठ्ठी त्यांनी फाडली नाही. परत डब्यात ठेवली.

पुढचा शनिवार त्यांना मिळाला नाही.

सोमवारी सकाळी माझ्या खिडकीसमोर दहा-बारा पालक उभे. पुढे वामनराव. भाजीपाल्याची शेती, स्वभावाने भला माणूस, बायको वारलेली, एकच मुलगी, ती नववीत. "बाबूजी, टीसी लिहा. पोट्टी घरी बसन, निंदाले जाईन, पण असलं नाई शिकन."

"काय झालं वामनराव?"

"काय झालं इचारता? मॅडम पोरीले पोट्टे बनाचं शिकवून राह्यली! मी रोप लावतो तवा मले माहीत राह्यते, हे फुलकोबी, हे पत्ताकोबी. ह्या बाईचं म्हणणं, रोपच सांगन मी कोण आहो ते!"

मागचे हसले. वामनराव मात्र हसले नाहीत. ते खिडकीच्या गजाजवळ आले, आवाज खाली आणला. "हसू नका बाबूजी. मले माझ्या पोरीसंग बोलता येत नाई. तिची माय असती तर गोष्ट वेगळी होती. जे मले सांगता येत नाई ते परकी बाई भर वर्गात सांगते. मंग मी बाप कायचा?"

मी हे लिहितो आहे ते वामनरावांना खाली दाखवण्यासाठी नाही. त्यांच्या जागी मीही होतो, माझं लेकरू त्याच वर्गात होतं आणि मलाही वाटलं की मॅडम हद्द ओलांडून राहिल्या. शिवाय टीसी गेल्या असत्या तर त्या मुली खरंच वावरात गेल्या असत्या आणि दोन वर्षांत लग्न होऊन गेल्या असत्या. म्हणून मी म्हणालो, "टीसी नेऊ नका. अर्ज द्या. मी लिहून देतो." मुलींचं शिक्षण वाचवलं, असं मला त्या वेळी वाटलं. ते काही खोटं नव्हतं.

अर्ज मी घरी बसून लिहिला. संध्याकाळी, माझ्या टेबलावर. 'संस्कारक्षम वय', 'अभ्यासक्रमाबाह्य विषय', 'पालकांच्या विश्वासास तडा'. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला अर्ज होता.

लेकरू बाजूला उभं होतं. "काय लिहून राह्यले बाबा?"

"अर्ज. तुमच्या मॅडमविरुद्ध. ऐक." आणि मी त्याला दुसरा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना मला मजा येत होती.

त्याने सगळं उभ्याउभ्या ऐकलं. मग म्हणालं, "अक्षर चांगलं आलं," आणि आत गेलं.

बुधवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. संस्थेचे सचिव आले होते, वामनराव होते, मी टिपण घ्यायला होतो. मॅडम डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

सचिव म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं आहे की प्रश्न वर्गातून आला. मग चिठ्ठी दाखवा. कोणाची आहे ते अक्षरावरून काढू. त्याच्या मायबापाले बोलावू, समजावून सांगू. तुमच्यावर काहीच येणार नाही."

मॅडमनी झाकण उघडलं. आत शनिवारनंतरच्या चार-दोन चिठ्ठ्या असाव्यात. त्यांनी शोधून एक काढली, डाव्या हातात धरली. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी अर्ज पुढे केला. "आधी हा वाचून घ्या."

त्यांनी अर्ज उजव्या हातात घेतला. वाचला. वाचून झाल्यावर कागदाची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली, जसं बायका दुकानात लुगड्याचं सूत पाहतात. लाल समासाकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"बाबूजी, कागद सुंदर आहे हो हा. कुठं मिळते?"

मी तर खूशच झालो. "वर्ध्याहून आणतो मॅडम. गावात माझ्याशिवाय कोणापाशी नाई हा कागद."

"कोणापाशीच नाई?"

"एका घरी दाखवा!" मी म्हणालो. वामनरावही म्हणाले, "बाबूजीचा कागद म्हणजे सरकारी कागद." सगळे हसले.

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. घड्याळात पाहिलं असतं तर दोन-चार सेकंद असतील. मग त्यांची डावी मूठ मिटली.

"चिठ्ठी नाई," त्या म्हणाल्या.

"आत्ता तर काढली तुम्ही."

"ते दुसरी होती. तो प्रश्न कोणाचाच नाई. मीच बनवला होता. पोरांनी विचार करावा म्हणून."

खोलीतली हवाच बदलली. आतापर्यंत सचिव त्यांना वाचवायला पाहत होते. आता ते खुर्चीत मागे टेकले. वामनराव म्हणाले, "म्हंजे आमच्या लेकरायच्या मनात नव्हतं ते तुमी घातलं?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "माझीच चूक आहे. मले बदली द्या. पोरींच्या टीसी नका नेऊ."

बदलीचा अर्ज मीच लिहिला, त्याच कागदावर. त्या म्हणाल्या, "बाबूजी, तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." सही त्यांनी उजव्या हाताने केली. कागद सरकू नये म्हणून डाव्या मुठीने दाबून धरला. मूठ उघडली नाही. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, तो त्यांनी एका हाताने प्यायला. पर्स खांद्याला अडकवली ती एका हाताने. मी सगळं पाहिलं. पाहण्यात मी कमी नाही, समजण्यात कमी पडलो.

निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, "बाबूजी, घरी लेकरासंग बोलत जा."

मला वाटलं, टोमणा आहे.

त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी पुस्तकपेढीची पुस्तकं दहावीकडून मागवून परत बंद करायला सांगितली. मी केली. जुन्याच छिद्रांवर, सरळ रेषेत. पुढच्या वर्षी त्यातलं एक पुस्तक माझ्याच लेकराला मिळालं. त्याने त्या पिना कधी काढल्या नाहीत.

दहावी झाली, बारावी झाली. लेकरू नागपूरला लॅबचा कोर्स करायला गेलं, तिथेच नोकरीला लागलं. सुट्टीला यायचं ते हळूहळू कमी झालं. मग दोन दिवाळ्या आलंच नाही. बायको म्हणायची, "तुमीच काई बोलले असान." मी म्हणायचो, मी काहीच बोललो नाही. ते खरंच होतं. मी काहीच बोललो नव्हतो.

गेल्या वर्षी एका रविवारी फोन आला. "बाबा, नववीतली ती चिठ्ठी माझी होती."

"कोणती चिठ्ठी?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"तुमच्या कागदाचा कोपरा फाडला होता. घरात दुसरा कागद दिसला नाई." मग, "मी आता मुलगा म्हणूनच राह्यतो इथं. नावही बदललं. तुमाले सांगाचं होतं."

मला त्या क्षणी लेकरू दिसलं नाही. मला मूठ दिसली. कागदाची कड चोळणारी बोटं दिसली, आणि माझा आवाज ऐकू आला: गावात माझ्याशिवाय कोणापाशी नाई.

फोन माझ्या हातातून बायकोने घेतला. तिने काय ऐकलं, किती समजलं, मला माहीत नाही. तिने विचारलं, "जेवला का?" तेवढंच. मग फोन मला परत दिला.

"बाबा, मॅडम भेटल्या तर सांगजा, मी चांगला आहो."

मी पवनारला गेलो. तोपर्यंत कधी गेलो नव्हतो, बसने तासाभराचा रस्ता. नदीच्या बाजूला त्यांच्या भावाचं घर. भावजय अंगणात मिरच्या निवडत होत्या. मॅडम त्याआधीच्या उन्हाळ्यातच वारल्या होत्या. सावंगीला दवाखान्यात महिनाभर होत्या.

"तुमी कोण?"

"शाळेतला बाबू."

"हाव का! आमच्या वन्सं म्हणे ना, बाबूजीचं अक्षर लय चांगलं." त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्याचा पेला ठेवला त्या फळीवर तो चहापत्तीचा डबा होता. झाकणाच्या फटीला चिकटपट्टी लावलेली. "तीळ ठेवतो त्यात," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, शाळा सोडली त्या दिवशी मॅडम काही म्हणाल्या होत्या का.

त्यांनी आठवून पाहिलं. "काई नाई. पण एक सांगतो. त्या दिवशी आल्या तशा चुलीपाशी गेल्या. हात असा आवळलेला. मले वाटलं बसमधी दरवाज्यात चेपला. मी म्हटलं, पाहू द्या. तर चुलीसमोर मूठ उघडली, आत एवढासा कागद, घामानं भिजलेला. लवकर पेटला पण नाई. पेटला तवा उठल्या अन् म्हणे, भात झाला का?"

रविवारी मी लेकराला सगळं सांगितलं. मॅडम गेल्याचं, चुलीचं, माझ्या कागदाचं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "कोणालेच नाई सांगितलं त्यायनं?"

"कोणालेच नाई."

"तुमालेही नाई?"

"मले तर नाईच." मग मी म्हणालो, "तू घरी ये. जसा आहेस तसा ये." हे म्हणायला मला एक फुलस्केप भरून लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"पाहतो बाबा," तो म्हणाला.

अजून आलेला नाही. या जूनमध्ये नवीन मुख्याध्यापकांनी पुस्तकपेढीचं विचारलं, तेव्हा मी सेफ्टी पिन घेऊन बसलो आणि पिना काढल्या. कोणी हात पुढे करायला नव्हतं, म्हणून टेबलावर ठेवल्या. पानं मोकळी झाली, पण छिद्रं राहिली. पान खिडकीकडे धरलं की त्यातून उजेड येतो.

त्याच खिडकीतून मी त्या बुधवारी त्यांना जाताना पाहिलं होतं. दुपारची वर्ध्याची बस, गच्च भरलेली. चढायला जागा नव्हती, तरी त्या पायरीवर चढल्या. बस हलली तसे सगळे दोन्ही हातांनी दांडा धरायला धडपडले. मॅडमनी एकाच हाताने धरला. गाडीला हिसका बसला, त्या बाहेरच्या बाजूला झुकल्या, पर्स खांद्यावरून घसरून कोपरावर आली. डावी मूठ छातीशी तशीच होती. मी गजाला धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, किती राग आहे या बाईला.